सीएसआरची शिलाई मशीन आणि गावाबाहेर गेलेला लोकवाटा

यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील बचत गटांच्या महिलांना ‘कंपनीच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून पाऊण किंमत माफ’ असे सांगून शिलाई मशीन, पिठाची गिरणी किंवा मिरची कांडप यंत्र मिळवून देण्याचे आश्वासन देणारी माणसे आजही गावोगाव फिरत आहेत. आमच्या गावात अशाच एका संस्थेच्या नावाने पैसे गोळा झाले आणि मशीन आली नाही. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे त्या संस्थेचे व त्या माणसाचे नाव मी येथे देत नाही. मात्र फसवणुकीची रीत सविस्तर सांगते, कारण नाव बदलून तीच रीत दुसऱ्या तालुक्यात वापरली जात असल्याचे ऐकू येते.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील एका गावात महिला ग्रामसंघाची, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाची, लिपिका म्हणून काम करते. गटांची हजेरी, ठराव, पावत्या आणि बँकेचे पासबुक हेच माझे काम. २०२३ च्या दिवाळीनंतर कपाशीची वेचणी जोरात असताना, म्हणजे बायकांच्या हातात मजुरीचे चार पैसे असण्याच्या नेमक्या दिवसांत, हे गृहस्थ गावात आले. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. त्यांनी आधी सरपंचांची भेट घेतली, मग शाळेत वह्या वाटल्या आणि त्यानंतरच समाजमंदिरात महिलांची सभा बोलावली. सभेची सुरुवात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या स्मरणाने झाली. बोलण्यात बाबा आमटे आणि आनंदवन वारंवार येत होते. ज्या मुलखात १९३६ पासून सेवाग्राम आहे, १९४९ पासून आनंदवन आहे, जेथे गडचिरोलीत १९८६ पासून ‘सर्च’सारखी संस्था आदिवासींच्या आरोग्यासाठी झटत आहे, त्या मुलखात ‘संस्थेचे लोक आले’ म्हटले की माणसे सतरंजी अंथरतात. या पिढ्यान्पिढ्यांच्या विश्वासावरच त्यांचा डोळा होता, असे माझे मत आहे.

योजना अशी सांगण्यात आली. मुंबईची एक मोठी कंपनी ग्रामीण महिलांना शिलाई मशीन देणार. मशीनची किंमत आठ हजार रुपये, त्यांपैकी सहा हजार कंपनी भरणार आणि दोन हजार रुपये महिलेने ‘लोकवाटा’ म्हणून द्यायचे. अर्जाचे व प्रशिक्षणाचे शुल्क वेगळे. विधवा आणि एकल महिलांना प्राधान्य. हे ऐकून कोणालाही वावगे वाटले नाही, कारण लोकवाटा ही आमच्या गावांना ठाऊक असलेली आणि पटलेली गोष्ट आहे. नळयोजनेसाठी गावाने वाटा उचलायचा असतो हे जलस्वराज्य या पाणीपुरवठा प्रकल्पाच्या काळापासून आम्ही पाहत आलो आहोत. जलजीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामांच्या खर्चाचा १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के, वाटा गावाचा धरलेला आहे. गावाने थोडे तरी स्वतःचे घातल्याशिवाय काम टिकत नाही, हे चांगल्या संस्थांनीच आम्हाला शिकवले होते.

फरक एकच होता, आणि सगळी फसवणूक त्या एका फरकात आहे. खऱ्या योजनेतील लोकवाटा गावाच्या समितीच्या खात्यात जमा होतो, समितीच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांशिवाय निघत नाही आणि गावातच खर्च होतो. येथे तो गावाबाहेर जात होता. बचत गटांसाठीच्या शासनाच्या ‘उमेद’ अभियानाचा फिरता निधी असो की सामुदायिक गुंतवणूक निधी असो, पैसा वरून गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या बँक खात्यात येतो. आम्ही आधी कोणाला पैसे दिले आणि मग निधी आला, असे कधी झालेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हाही पुढे बांबूच्या विक्रीचा पैसा आला तो ग्रामसभेकडेच. ज्या कामाने गाव बळकट होते त्या कामात पैशाचा हिशेब गावाच्या वहीत राहतो.

ग्रामसंघाच्या खात्यातून धनादेश द्यावा, असे मी त्या सभेतच सुचवले होते. त्यावर मिळालेले उत्तर अगदी तयार होते: सीएसआरच्या पैशाचे कडक ऑडिट होते, शासकीय निधी असलेल्या खात्याशी त्याची सरमिसळ चालत नाही, म्हणून प्रत्येक महिलेने स्वतंत्र रक्कम द्यावी. ऐकायला हे शिस्तीचे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे ग्रामसंघाच्या दप्तरात एकाही रुपयाची नोंद झाली नाही. काहींनी रोख दिले, काहींनी मुलाच्या फोनवरून पाठवले. पाठवताना पडद्यावर संस्थेचे नव्हे, तर कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चे नाव येत होते. माझेही दोन हजार त्यातच गेले.

मिळालेल्या पावत्यांवर रंगीत बोधचिन्ह होते, पण धर्मादाय नोंदणी क्रमांक नव्हता, पॅन नव्हता आणि रक्कम ज्या सदराखाली घेतली ते सदर ‘सभासद शुल्क’ असे होते. खाली बारीक अक्षरांत ‘परतावा मिळणार नाही’ असे छापलेले. म्हणजे उद्या कोणी तक्रार केलीच, तर मशीनसाठी पैसे घेतलेच नाहीत, महिला स्वेच्छेने सभासद झाल्या, असे म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली होती. ग्रामसंघाशी केलेला सामंजस्य करार मुद्रांकावर होता. मुद्रांकाच्या मागील बाजूस खरेदीदाराचे नाव आणि खरेदीचे कारण लिहिलेले असते, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. आमच्या करारावर खरेदीदार तिसराच होता आणि कारण होते ‘भाडेकरार’.

शेजारच्या एका गावात त्यांनी खरोखरच काही मशीन वाटल्या. फलक लावला, हार घातले, चित्रफीत काढली आणि ती चित्रफीत तालुकाभर फिरवली. त्यानंतर पैसे देणाऱ्यांची रांग लागली. पहिल्या मशीन पुढच्या गावांच्या पैशांतून येतात, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येणार? २०२५ च्या सुरुवातीला केरळमध्ये उघडकीस आलेले प्रकरण मी वाचले, तेव्हा त्यातील सारखेपणा पाहून थक्क झाले. तेथेही सीएसआर निधीचे नाव सांगून निम्म्या किमतीत स्कूटर, लॅपटॉप आणि शिलाई मशीन देण्याचे आश्वासन होते, स्थानिक संस्थांना मध्ये घेतले होते आणि सुरुवातीला काहींना वस्तू मिळाल्याही होत्या.

सर्वांत वाईट गोष्ट वसुलीच्या पद्धतीत होती. ‘सर’ स्वतः पैसे मागत नसत. त्यांनी आमच्याच गावच्या, बी.ए. झालेल्या एका मुलीला ‘तालुका समन्वयक’ असे नेमणूकपत्र दिले, ओळखपत्र गळ्यात घातले आणि मानधनाचा आकडा सांगितला, जे मानधन तिला कधीच मिळाले नाही. वसुली तिने केली, पावत्या तिने फाडल्या, आणि प्रत्येक संध्याकाळी जमा रक्कम सांगितलेल्या क्रमांकावर पाठवली. बायकांनी पैसे दिले ते त्या संस्थेला नव्हे. लहानपणापासून पाहिलेल्या या पोरीला दिले. आजही बाजारात, दळणाला, लग्नात तिला अडवून ‘बाई, माही मशीन कवा भेटन?’ असे विचारले जाते, आणि तिच्या वडिलांनी काही जणींचे पैसे तूर विकून फेडले आहेत. तिच्यावर संशय घेणाऱ्यांना माझे म्हणणे एवढेच आहे, की तिने पाठवलेल्या प्रत्येक रकमेची नोंद तिच्या फोनमध्ये आहे आणि ती नोंद घेऊन पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तीच गेली.

मशीन जानेवारीत येणार होत्या. मग कंपनीचे लेखापरीक्षण निघाले, मग मार्चअखेर आली आणि १६ मार्च २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होताच त्यांना आयतेच कारण मिळाले. मतदान २६ एप्रिलला झाले, निकाल लागला, पेरण्या झाल्या, आणि फोन बंद झाला. मधल्या काळात त्यांनी आमच्या ग्रामसंघाला एक नवे आमिषही दाखवून पाहिले: परदेशातून मोठा निधी येणार आहे, त्यातला हिस्सा तुमच्या खात्यात वळता करू, फक्त कागदपत्रांच्या खर्चाचे पैसे द्या. परदेशी योगदानाच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाईच आहे. त्यामुळे असा हिस्सा देऊ करणारा एक तर खोटे बोलत असतो किंवा बेकायदा काम करायला निघालेला असतो.

त्यानंतर आम्ही कागद तपासायला घेतले. यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयातून त्या संस्थेच्या ‘शेड्यूल वन’चा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या परिशिष्ट एकचा, उतारा काढला. संस्था खरी होती, तिचा ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही खरा होता, पण विश्वस्तांच्या यादीत या गृहस्थांचे नाव नव्हते आणि अनेक वर्षांचे हिशेबपत्रक दाखल झालेले नव्हते. नोंदणी प्रमाणपत्र हा संस्थेचा जन्मदाखला आहे. ती आज जिवंत आहे की नाही आणि कोणाच्या हातात आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवलेल्या ‘दर्पण’ क्रमांकाचेही तेच. नीती आयोगाच्या त्या संकेतस्थळावर संस्था स्वतःची नोंद विनाशुल्क करू शकते. ती शासनाची शिफारस नव्हे.

कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा असा कोणताही प्रकल्प आमच्या जिल्ह्यात नसल्याचे लेखी उत्तर आले. सीएसआरबद्दल गावात फार धूसर कल्पना आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. हा पैसा कंपनीचा असतो, सरकारचा नव्हे. तो संस्थेमार्फत खर्च करायचा तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी होऊन तिला सीएसआर क्रमांक मिळालेला असावा लागतो, आणि बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. संकेतस्थळ असलेल्या कंपनीला आपले सीएसआर धोरण आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तेथे जाहीर करावे लागतात. गावातल्या कोणत्याही शिकलेल्या मुलाला ते फोनवर शोधून देता येते. प्रकल्प तेथे दिसत नसेल, तर कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

पैसे गेले त्याहून मला जास्त चीड आली ती पुढे कळलेल्या गोष्टीची. प्रशिक्षणाच्या नावाखाली काढलेले आमच्या महिलांचे फोटो, ज्यांत नवऱ्याने आत्महत्या केलेल्या दोघी पुढच्या ओळीत बसवल्या होत्या, त्या माणसाच्या देणगीपत्रकात छापलेले सापडले. ‘विदर्भातील शेतकरी विधवांना स्वयंरोजगार’ असे त्यावर शीर्षक होते आणि शहरातील लोकांना एका मशीनसाठी देणगीचे आवाहन होते. म्हणजे एकाच न आलेल्या मशीनचे पैसे गावातूनही घेतले आणि शहरातूनही मागितले. हजेरीपटावरील सह्या आणि आधारच्या छायाप्रती त्याच्याकडेच आहेत, आणि लाभ मिळाल्याचा पुरावा म्हणून त्या कोठे जोडल्या गेल्या असतील, या विचाराने अनेकींना आजही काळजी वाटते.

गावावर झालेला परिणाम हिशेबात मांडता येत नाही. दुसऱ्या वर्षी एक चांगली, जुनी संस्था विहिरी आणि बियाण्यांच्या कामासाठी सर्वेक्षण करायला आली, तेव्हा बायकांनी नाव सांगायलाही नकार दिला. गटांच्या साप्ताहिक बैठकांना येणाऱ्यांची संख्या घटली. काही गटांनी बचतच थांबवली. ज्या कामाला इतकी वर्षे लागली होती, ते एका हंगामात मागे गेले.

आमचे पैसे १ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असल्यामुळे तक्रार भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली आहे. त्यानंतरच्या प्रकारांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. रक्कम फोनवरून पाठवली असेल, तर संशय येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

ग्रामसंघाने आता ठराव केला आहे. कोणत्याही संस्थेला गावात काम करायचे असल्यास तिने परिशिष्ट एकचा ताजा उतारा, शेवटचे लेखापरीक्षण आणि देणगीदाराचे पत्र ग्रामसभेत वाचून दाखवावे. लोकवाटा असेल तर तो ग्रामसंघाच्याच खात्यात राहील आणि वस्तू गावात उतरल्यावर थेट विक्रेत्याला धनादेशाने दिला जाईल. लेखी संमतीशिवाय कोणाचा फोटो किंवा आधारची प्रत दिली जाणार नाही. या अटी ऐकून एक संस्था परत आलीच नाही. दुसरीने सर्व कागद आठवड्याभरात आणून दिले, आणि तिचे काम सध्या सुरू आहे.

ज्यांच्याकडे ‘सभासद शुल्क’ असे सदर छापलेल्या अशा पावत्या आहेत, त्यांनी त्या फेकू नयेत. पावती, पैसे पाठवल्याचा फोनमधील पुरावा आणि करार असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत घेऊन आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एकेकीची दोन हजारांची तक्रार लहान दिसते, पण अनेक गावांच्या तक्रारी एकत्र आल्या तर तपास जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे देण्याची मागणी करता येते, आणि आमच्या तालुक्यातील गावांनी ती मागणी केलेली आहे.