निव्वळ जिद्दीला ‘शीअर’ की ‘अटर’? कोका कॉर्पस वापरून पाहिल्यावर

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. संस्थांचे वार्षिक अहवाल, बचत गटांच्या यशकथा, छोट्या कारखान्यांची माहितीपत्रकं असं काम असतं. यात अवघड शब्दांपाशी सहसा अडत नाही, ते कोशात सापडतात. अडतं ते सारख्या दिसणाऱ्या सोप्या शब्दांपाशी. ‘निव्वळ जिद्दीच्या जोरावर तिने व्यवसाय उभा केला’ या वाक्यात ‘शीअर’ (sheer) घालायचा की ‘अटर’ (utter)? कोश दोन्हींचे अर्थ जवळजवळ तेच देतो. तिथे मी ‘कोका’ उघडते, आणि ज्यांचं पोट इंग्रजी लिहिण्यावर आहे त्यांनी ते शिकून घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोका म्हणजे ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’. कॉर्पस म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संग्रह, ज्यात शब्द शोधता येतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी 2008 साली तो खुला केला. 1990 ते 2019 या काळातल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजीचे 100 कोटींहून जास्त शब्द त्यात आहेत. टीव्ही-रेडिओवरची संभाषणं, कथा-कादंबऱ्या, मासिकं, वर्तमानपत्रं, संशोधन-निबंध, सिनेमा-मालिकांचे संवाद, ब्लॉग आणि इतर संकेतस्थळं असे आठ विभाग आहेत. ‘इंग्लिश-कॉर्पोरा डॉट ऑर्ग’वर नाव नोंदवलं की फुकट वापरता येतो.

माझ्या कामाची खरी सोय ‘कम्पेअर’ या पर्यायात आहे. दोन चौकटींत दोन शब्द लिहायचे, तिसऱ्या चौकटीत शेजारी काय हवं ते सांगायचं (मी बहुधा ‘नाम’ निवडते), आणि शब्दाच्या डावी-उजवीकडे किती शब्दांपर्यंत पाहायचं तो आकडा निवडायचा. विशेषणांसाठी मी डावीकडे शून्य आणि उजवीकडे एक ठेवते, म्हणजे विशेषणाला चिकटून येणारं नामच मिळतं. मग पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. ‘शीअर’च्या बाजूला आकारमान, संख्या, ताकद, इच्छाशक्ती, जिद्द, नशीब. ‘अटर’च्या बाजूला गोंधळ, अविश्वास, तिरस्कार, बेपर्वाई, मूर्खपणा. याद्या नुसत्या वाचल्या तरी कळतं की ‘शीअर’ मोठेपणा आणि जोर दाखवतो, तर ‘अटर’ची ओढ बहुतेकदा वाईटाकडे असते. बचत गटाच्या ताईंच्या जिद्दीला ‘शीअर’च हवा, हे कोणाला विचारायची गरज उरत नाही.

यादीतला शेवटचा ‘स्कोअर’चा रकाना आधी समजून घ्या, नाहीतर आकडे फसवतील. दोन शब्दांपैकी एक मुळातच जास्त वापरात असेल, तर कुठल्याही नामासोबत त्याचा आकडा मोठाच येणार. स्कोअर हा फरक वजा करून सांगतो की हे नाम या शब्दाकडे अपेक्षेपेक्षा किती जास्त ओढलं जातं. मी कच्च्या आकड्यांवरून एवढंच बघते की उदाहरणं पुरेशी आहेत ना. दोन-चार उदाहरणांवरून आलेला मोठा स्कोअर मी धरत नाही.

आणि आकड्यावर क्लिक केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ‘शीअर’च्याच यादीत पडदे आणि कडेही दिसतील, कारण पारदर्शक कापडालाही ‘शीअर’ म्हणतात आणि सरळसोट तुटलेल्या कड्यालाही. कॉर्पस अर्थांची वर्गवारी करून देत नाही, शेजार तेवढा मोजतो. क्लिक केलं की मूळ ओळी उघडतात, प्रत्येकीपुढे वर्ष आणि स्रोत असतो. दहा-पंधरा ओळी मनापासून वाचल्या की शब्द कसा चालतो ते कळतं. हे वाचणंच मला सर्वांत मोलाचं वाटतं. यंत्राला विचारलं तर ते एक उत्तर ठामपणे देतं. इथे पुरावा समोर असतो आणि निर्णय माझा राहतो.

‘कॉज’ या क्रियापदाचं उदाहरण तर मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. आपल्याकडे ‘प्रशिक्षणामुळे उत्पन्न वाढलं’ याचं सरळ ‘कॉज’ करून टाकतात. व्याकरणात चूक काहीच नाही. पण कॉर्पसमध्ये ‘कॉज’च्या पुढे समस्या, नुकसान, वेदना, मृत्यू, कर्करोग यांची रांग लागलेली असते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशी गत. इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला उत्पन्नवाढही मग संकटासारखी लागते. तिथे ‘लेड टु’ लिहिलं की वाक्य मोकळं होतं. ‘स्मॉल’ आणि ‘लिटल’चंही तसंच: धंदा, गाव, रक्कम ‘स्मॉल’कडे, मुलगी, मुलगा, भाऊ, बहीण ‘लिटल’कडे.

आता अडचणी. फुकट खात्याला रोजच्या शोधांची मर्यादा आहे, आणि काही शोधांनंतर पैसे भरण्याची आठवण करून देणारा निरोप मध्ये येतो. फोनवर या याद्या वाचणं जिकिरीचं आहे, संगणकच हवा. शोध लिहिण्याची पद्धत पहिल्यांदा किचकट वाटते. एखाद्या शब्दाची सगळी रूपं एकदम हवी असतील तर तो कॅपिटल अक्षरांत लिहायचा, असे बारकावे मदतीच्या पानावरून उचलावे लागतात. आणि हे सगळं इंग्रजी अमेरिकेचं आहे. ब्रिटिश वळण हवं असेल तर त्याच संकेतस्थळावर ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ आहे, 10 कोटी शब्दांचा. पण त्यातला मजकूर 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबतो, म्हणून इंटरनेट-मोबाइलच्या काळातल्या शब्दांसाठी तो कामाचा नाही.

भारतीय वाचकांसाठी लिहिताना मी त्याच संकेतस्थळावरचा ‘ग्लोब’ (GloWbE) हा कॉर्पस पाहते. त्यात भारतासह 20 देशांच्या संकेतस्थळांवरचं इंग्रजी आहे, सुमारे 190 कोटी शब्द. ‘डू द नीडफुल’ टाकून देशवार तक्ता काढा, भारताचा खांब किती उंच जातो ते दिसेल. अहवाल पुण्यातल्या ट्रस्टला जाणार असेल तर असा प्रयोग चालून जातो, परदेशी देणगीदाराला जाणार असेल तर मी तो बदलते.

इंग्रजी अजून कच्चं असलेल्या विद्यार्थ्याला मी कोका सुचवणार नाही. ओळी वाचून अर्थ लावता आला नाही तर त्या याद्यांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी ‘स्केल’ (SkELL) हे संकेतस्थळ बरं: नोंदणी नाही, पैसे नाहीत, शब्द टाकला की निवडक उदाहरणं आणि नेहमीचे सोबती शब्द समोर येतात. मात्र दोन शब्द शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय त्यात नाही, दोनदा शोधून डोळ्यांनीच जुळवावं लागतं. भाषांतरकार, संपादक आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मात्र कोकाच घ्यावं. आधी महिनाभर फुकट खात्यावर काम करा. मर्यादा रोज आड यायला लागली तरच पैसे भरा.