रात्रीच्या प्लंबरचा वार्षिक करार, आठ महिन्यांनंतर: घोडं अडतं व्हॉल्वपाशी

बेळगावात रात्री दहानंतर प्लंबर पाठवणारे जे करार सध्या मिळतात, त्यातल्या एकाचा हा आठ महिन्यांचा हिशेब. वर्षाचे 1,200 रुपये आगाऊ, रात्रीच्या फेरीला 400, सामान वेगळं. जूनपासून चार वेळा फोन झाला. नाव देत नाही, तक्रार अजून मिटायची आहे.

फोन लावला की कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठीला आकडाच नाही. येणारा मिस्त्री मात्र अनगोळ नाहीतर वडगाव असल्या मराठी वस्तीतला, आणि दारातच विचारतो, "टाकीचा व्हॉल्व कुठं हाय?"

हा प्रश्न फोनवरच विचारायला हवा. भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

पहिली फेरी कमोडच्या कनेक्शन पाईपची. वरून स्टीलची जाळी, टोकाला प्लास्टिकचा नट. असला नट पान्यानं आवळला की बारीक तडा जातो आणि काही महिन्यांनी अचानक फुटतो. हातानं घट्ट आणि वर पाव फेरा, बास. पितळी नटाचा पाईप घेतला तर ही भानगडच नाही. मिस्त्री 70 मिनिटांत आला. पाऊस होता, त्यामुळे वेळेबद्दल तक्रार नाही. पण हिशेब बघा: गच्चीवर टाकी आणि खाली तळमजल्यावर उघडा अर्ध्या इंचाचा पाईप, 20 लिटरची बादली मिनिटभरात भरते. 1,000 लिटरची टाकी तासाभरात संपते. म्हणजे मिस्त्री पोचतो तेव्हा पाणी आपलं आपणच थांबलेलं असतं. 400 रुपये कसले, तर उरलेला पाईप काढून टेफ्लॉन गुंडाळलेला प्लग बसवण्याचे.

त्या पाईपच्या मुळाशी भिंतीवर अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचा छोटा नळ, होता, पण गंजून जाम झालेला. टाकीखाली जुना पितळी गेट व्हॉल्व होता, त्याचं चाक फिरत राहिलं आणि पाणी काही थांबलं नाही. टिळकवाडी-शहापूरच्या जुन्या घरांत बऱ्याच गच्च्यांवर हेच सापडेल. गेट व्हॉल्वमध्ये दांड्याच्या टोकाला पितळी पाचर असते, ती खाली उतरून वाट अडवते. वर्षानुवर्षं उघडाच ठेवला की बोअरच्या पाण्याचा चुना दांड्याच्या आट्यांत बसतो आणि पाचर वरच चिकटते. मग घाईत जोर लावला की पाचर दांड्यातून सुटते. चाक गरगर फिरतं, आत काहीच हलत नाही. शिवाय पाचर बसते त्या खाचेत गाळ साठला तर बंद करूनही धार राहते.

त्या जागी पितळी बॉल व्हॉल्व बसवा. दांडी पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. पाव फेऱ्यात काम होतं, अंधारातही कळतं. प्लास्टिकचा घेऊ नका, गच्चीवरच्या उन्हात दांडी कडक होऊन नेमकी गरजेच्या रात्री हातात येते. महिन्यातून एकदा बंद-चालू करा. आणि व्हॉल्वच्या पुढं एक युनियन, म्हणजे आट्यांनी खोलता येणारा जोड, टाका, नाहीतर पुढच्या वेळी बदलताना पाईप कापावा लागेल.

मिस्त्रीच्या पिशवीत बॉल व्हॉल्व नव्हता. तिसऱ्या फोनच्या वेळीही नव्हता. एल्बो होते, टी होते, तीन मापांचे प्लग होते. रात्रीची सेवा विकायची आणि पाऊण इंच व एक इंच असे दोन व्हॉल्व सोबत ठेवायचे नाहीत, हे दिव्याविना आरती करण्यासारखं आहे.

इथवरचं ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं, निकाल होता "पैसे पाण्यात". दुसरा फोन त्यात धरलाच नव्हता, कारण फेरी झाली नव्हती. पण खरं म्हणजे जमेला धरायचा तोच. टाकी रात्री वाहत होती. फोनवरच्या माणसानं व्हिडिओवर टाकी बघितली, बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या नळाचा, फुगा वर उचलून धरायला लावला. पाणी थांबलं, म्हणजे वॉशर ठीक, फुगा पाणी पिऊन जड झालेला. दांडी सुतळीनं वर बांधा, मोटर बंद ठेवा, सकाळी 80 रुपयांचा फुगा आणा. पैसे घेतले नाहीत. या एका कामासाठी करार अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही.

तिसरा फोन गिझरच्या थंड लाइनच्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) एल्बोचा, म्हणजे कोपऱ्यातल्या वळणाच्या जोडाचा. आधी गिझरचं बटण बंद, मग पाण्याला हात, हे मिस्त्रीनं बरोबर केलं. जोड मात्र फसला, आणि कारण पुन्हा व्हॉल्वच. सोल्युशनचा, म्हणजे प्लास्टिक चिकटवायच्या द्रवाचा, जोड ओल्या पाईपवर धरत नाही, आणि वरच्या व्हॉल्वमधून थेंब थेंब चालूच. अशा वेळी खायच्या पावातला मऊ भाग, कड काढून, पाईपात बोटभर आत दाबायचा. थेंब पाचेक मिनिटं अडतात. तेवढ्यात पुसायचं, सोल्युशन लावायचं, पाईप आत सारून पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाहीतर तो मागं सरकतो. पाव नंतर विरघळून जातो, फक्त नळाची जाळी काढून पाणी सोडावं. मिस्त्रीनं ते केलं नाही, वर वीस मिनिटांत पाणी चालू केलं. पावसाळी दमट हवेत रात्रभर थांबायला हवं. सकाळी तोच एल्बो पुन्हा ठिबकत होता. तो परत जोडायच्या फेरीचे पैसे मागितले, दिले नाहीत.

चौथा फोन जानेवारीत, बाथरूमच्या गरम लाइनचा. सोलर हीटर असलेल्या घरात टाकीखाली व्हॉल्व दोन असतात: एक घरातल्या साध्या नळांचा, दुसरा सोलरकडं जाणाऱ्या थंड पाण्याचा. पहिलाच बंद केला तर गरम नळाची गळती चालूच राहते. मिस्त्रीला दुसरा सापडला, काम उत्तम झालं, पण लाइन कोरडी करायला त्यानं सोलरची टाकीही रिकामी केली आणि "सकाळी भरा" सांगून गेला. सकाळी म्हणजे सूर्य उगवायच्या आत, हे सांगितलं नाही. आमच्या भागात पाणी दिवसाआड, त्या दिवशी आलं अकराला. सोलरची टाकी रिकामी असली की त्याच्या काचेच्या नळ्यांतलं उरलंसुरलं पाणी उकळतं, नळ्यांच्या वरच्या भागातली काच कोरडी तापते, आणि तिला थंड पाणी लागलं की ती तडकते. तीन नळ्या गेल्या. उशीर झालाच तर नळ्यांवर ताडपत्री टाकून संध्याकाळपर्यंत थांबावं, एक दिवस गार पाण्यानं आंघोळ केली तर बिघडत नाही.

भरपाई मागितल्यावर उत्तर आलं की सोलर हे विजेचं उपकरण आहे, प्लंबिंगच्या करारात बसत नाही. आमच्या सोलरला वीज लागतच नाही, असं लेखी कळवलंय. करार जूनमध्ये संपतो, त्याच्या नूतनीकरणाचे मेसेज मात्र आतापासूनच येताहेत.