ओझर ते हिथ्रो, म्हणे 9 तास

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या फुकट साइट बऱ्याच आहेत. लेकीकडे लंडनला जायचं ठरलं तसं आमच्या ह्यांनी त्यातली एक हुडकली आणि उत्साहात आमच्या नाशिकचा ओझर विमानतळ ते लंडनचा हिथ्रो टाकलं. उत्तर आलं: 7,200 किलोमीटर, 9 तास. मुंबईहून टाकलं तरी जवळपास तेवढंच. "मग मुंबईपर्यंत कडमडायचं कशाला?" झालं, दोन दिवस घरात हाच विषय.

ओझरहून लंडनला विमानच नाही, हे ती साइट कुठेही सांगत नाही. तिला कळतात फक्त दोन ठिपक्यांचे अक्षांश-रेखांश.

मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे खोड गेली नाही. कपाटावरचा 12 इंची पृथ्वीगोल पुसून खाली काढला आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला. 17 सेंटिमीटर आणि वर थोडंसं. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 420 किलोमीटर. गुणाकार करून बघा. अंतराला साइटला पैकीच्या पैकी.

वेळेत मात्र नापास. 7,200 ला 850 ने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की आले 9. एवढंच गणित असावं. पण माझा दोरा इराण, जॉर्जिया करत युक्रेनवरून गेला होता, आणि युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. विमान वळसा घालणारच. शिवाय त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना नेमके तोंडावर. आम्हाला 10 तास 10 मिनिटं लागली. येताना 8 तास 50. साइटवर दोन्हीकडून 9च.

आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या दारापासून धरलं तर? संध्याकाळी 7 ला टॅक्सी निघाली. कसारा घाट सुरळीत, पण भिवंडी बायपासला ट्रकच्या रांगेत डब्यातले थालीपीठ संपले. विमानतळावर पोहोचलो साडेअकराला, विमान अडीचचं. हिथ्रोला उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत दीड तास, पुढे लेकीचं घर अर्ध्या तासावर. एकूण साडेएकोणीस तास! लेकीने दार उघडलं तेव्हा तिथे सकाळचे 10 वाजले होते, आमच्या पोटात दुपारचे अडीच.

नकाशावरची कमान मात्र छान काढतात, नातवाला दाखवायला उपयोगी. पाचपैकी अडीच तारे. हे अजून साइटचीच बाजू घेतात: "ओझरहून विमान असतं तर 9च लागले असते."