कासवासाठी यूव्हीबी दिवा: आर्केडिया प्रोटी५ १२ टक्के संच घ्यावा का?

तीन फुटी टाकीत रेड-इअर्ड स्लायडर हे पाणकासव आहे आणि घरात थेट ऊन, म्हणजेच कवचासाठी लागणारं ड-३ जीवनसत्त्व शरीरात बनवणारे यूव्हीबी हे अतिनील किरण, येत नाहीत, अशा स्थितीत २४ वॅटचा आर्केडिया प्रोटी५ संच १२ टक्क्यांच्या ट्यूबसह जरूर घ्यावा. दुकानात त्याच्याशेजारीच पिळाची यूव्हीबी सीएफएल कितीतरी स्वस्तात मिळते, त्यामुळे हात तिकडे वळतो. पण तिचा कामाचा झोत जेमतेम वीतभर रुंद असतो. वाढलेलं कासव टाकीतल्या ऊन खाण्याच्या कोरड्या ओट्यावर चढलं की डोकं उजेडात आणि अर्धी पाठ बाहेर. दिवा जरा वर नेला की यूव्हीबी झपाट्याने उतरतं, खाली आणला तर एकाच ठिपक्यावर फार तीव्र पडतं. पिलाच्या छोट्या टबात तात्पुरती चालेल, कायमची व्यवस्था म्हणून नाही.

संचात टी५ हाय आउटपुट, म्हणजे सडपातळ पण जास्त वॅटची ट्यूब, इलेक्ट्रॉनिक चोक आणि रिफ्लेक्टर एकाच पट्टीत बसवलेले येतात. खरी किंमत वसूल होते ती रिफ्लेक्टरमुळे. वर वाया जाणारे किरण तो खाली वळवतो, त्यामुळे अख्ख्या ओट्यावर सारखा यूव्हीबी पडतो. २४ वॅटची ट्यूब ५५ सेंटिमीटरची आहे, म्हणजे तीन फुटी टाकीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग ती व्यापते. इतकंच हवं. उरलेल्या भागात कासवाला किरणांपासून दूर जाता आलं पाहिजे. चार फुटी टाकी असेल तर ३९ वॅटचा संच घ्या.

ट्यूबवरच्या १२ टक्के या आकड्याला भुलू नका. उजेडात यूव्हीबीचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. कासवाच्या पाठीवर प्रत्यक्ष किती पोचतं ते यूव्ही इंडेक्सवरून, म्हणजे यूव्हीआयवरून कळतं. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरडे आणि साप मोकळ्या निसर्गात किती यूव्हीआय घेतात ते मोजलं. आज वापरात असलेले चार फर्ग्युसन झोन, म्हणजे ऊन खाण्याच्या सवयीनुसार प्राण्यांचे पाडलेले चार गट, त्यातूनच आले. उघड्यावर ऊन खाणाऱ्या स्लायडरसाठी ओट्यावर यूव्हीआय ३ ते ४ च्या आसपास धरावा. या संचात ट्यूबपासून कासवाच्या पाठीपर्यंत, मध्ये जाळी नसेल तर, साधारण ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. अंतर पाठीपासून मोजायचं, पाण्यापासून किंवा ओट्यापासून नाही. मोठ्या कासवाची पाठ ओट्याच्या बरीच वर येते, हे मोजताना राहून जातं. नेमकं मोजायला सोलारमीटर ६.५ हा यूव्हीआय मोजणारा मीटर लागतो. तो महाग आहे, पण पाळणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तर सगळ्यांचं भागतं. रंग बदलणारी यूव्ही कार्डं बहुतेक यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांनाच दाद देतात, त्यांच्यावर विसंबू नका.

सगळा खेळ बसवण्यात बिघडतो. टाकीवर काच किंवा ॲक्रिलिकचं झाकण असेल तर यूव्हीबी जवळजवळ सगळा तिथेच अडतो. उजेड लख्ख दिसतो आणि कवच मात्र मऊच राहतं. बारीक जाळी तिसरा हिस्सा सहज खाते, कधी त्याहून जास्त. म्हणून पट्टी साखळीने उघड्या टाकीवर टांगा, आडवी भिंतीला लावू नका. ऊन वरून येतं आणि कासवाच्या डोळ्यांना भुवईच्या हाडाची सावली मिळते. बाजूने आलेला यूव्हीबी सरळ डोळ्यांत जातो.

दुसरी गोष्ट उबेची. कातडीत यूव्हीबीमुळे तयार होतं ते ड-३ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप, त्याचं ड-३ व्हायला ऊब लागते. टी५ ट्यूब फारशी ऊब देत नाही. तेव्हा तिच्या शेजारी साधा हॅलोजन रिफ्लेक्टर दिवा लावून ओट्यावर ३२ ते ३५ अंश राखा, आणि ऊब व यूव्हीबी एकाच जागी पडतील असं बघा. ऊब एका कोपऱ्यात आणि ट्यूब दुसऱ्या कोपऱ्यात ही मांडणी फार ठिकाणी दिसते. कासव उबेकडे जातं आणि यूव्हीबी मोकळ्या पाण्यावर पडत राहतो. दोन्ही दिवे टायमरवर दिवसाला १० ते १२ तास, रात्री पूर्ण अंधार. खाण्यात कॅल्शियम नसेल तर मात्र कुठलाही दिवा कवच सावरू शकत नाही.

ऊब आणि यूव्हीबी एकत्र देणारा मर्क्युरी व्हेपर दिवा मोहात पाडतो. आपल्याकडे तो अडचणीचा. त्याला डिमर चालत नाही, उन्हाळ्यात ओटा भलताच तापतो, आणि वीज एकदा जाऊन आली की तो थंड होईपर्यंत पेटत नाही.

ऑनलाइन बाजारात ‘यूव्हीए+यूव्हीबी’ असं छापलेले २५ ते ७५ वॅटचे तारेचे आणि हॅलोजन दिवे भरपूर आहेत. तापलेल्या तारेतून कामाचा यूव्हीबी निघत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. निळ्या-जांभळ्या ब्लॅकलाइट ट्यूबचंही तेच. पाणी शुद्ध करण्याची यूव्ही ट्यूब तर कधीही लावू नका. ती २५४ नॅनोमीटरची यूव्हीसी असते आणि तुमचे-कासवाचे दोघांचेही डोळे भाजते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्यांनी एवढं पाहावं. तिथली पट्टी आणि यूव्हीबी सीएफएल १२० व्होल्टची असते, आपल्या २३० वर ती जळते. नुसती टी५ ट्यूब मात्र चालते, कारण व्होल्टेजशी संबंध चोकचा असतो. इंग्लंडचा संच २३० व्होल्टवर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. सीएफएल घेणारच असाल तर आपला नेहमीचा पिन होल्डर उपयोगाचा नाही, ई२७ आट्यांचा सिरॅमिक होल्डर लागेल.

आणखी एक फसगत. ५५ सेंटिमीटरच्या साध्या १४ वॅटच्या टी५ पट्टीत ही २४ वॅटची ट्यूब नेमकी बसते, पेटतेही. पण चोक तिला पुरेशी वीज देत नाही आणि यूव्हीबी खूप उतरतो. चार फुटी २८ वॅटच्या पट्टीत ५४ वॅटची ट्यूब घातली तरी हेच होतं.

पाण्यावर वीज टांगलेली आहे हे विसरू नका. साखळी दोन ठिकाणी बांधा, वायरला प्लगच्या खाली झोल द्या म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाहीत, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असू द्या. ओट्यावरून उडी मारताना शिंतोडे ट्यूबवर जातात, वाळून क्षारांचा पांढरा थर बसतो आणि यूव्हीबी अडतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून, ट्यूब गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

मुंबई-पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी उन्हाचा यूव्हीआय १० च्या वर जातो, त्याची बरोबरी कुठली ट्यूब करणार? गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन थेट, खिडकीच्या काचेतून नव्हे, अर्ध्या सावलीच्या पसरट टबात रोज मिळत असेल तर फेब्रुवारीत संच घेण्याची घाई नाही. काचेच्या टाकीत मात्र उन्हात ठेवू नका, पाणी भलतंच तापतं. जूनमध्ये ढग दाटले की ट्यूब हवीच. बसवताना तारीख मार्करने तिच्या टोकाशी लिहा आणि १२ महिन्यांनी बदला. तेव्हाही ती पहिल्या दिवसाइतकीच उजळ दिसत असेल, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड टिकतो आणि यूव्हीबी आधी संपतो.