अडीचशे रुपयांचा ब्रेक लिव्हर आणि माझी चौदा महिन्यांची इलेक्ट्रिक सायकल

जून 2024 मध्ये घेतली, आजवर 3,140 किलोमीटर झाले. त्यातले एकोणीस दिवस सायकल अंगणात नुसती उभी होती, ती ब्रेकच्या लिव्हरमधल्या बोटाच्या पेराएवढ्या स्विचपायी. आज लिहायला बसले ते त्या स्विचसाठीच. बॅटरी, मोटर, वजन हे आकडे कंपनीच्या पानावर सगळ्यांनी वाचलेलेच असतात.

मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. घर साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या बाजूला. सातारा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जाताना राजवाडा, पोवई नाका असा सगळा उतार आणि येताना तोच चढ छातीवर. कॉलेज सुटलं तशी सायकलही सुटली होती. आता पहाटे संगम माहुलीपर्यंत जाते, घाटावर थोडी बसते आणि येताना भाजी घेऊन येते. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर होतात.

जुलैत भरपावसात नाक्याजवळ मोटर बंद पडली. डिस्प्ले चालू, दिवा चालू, बॅटरीच्या चारही कांड्या दिसतायत, पण पायडल मारा नाहीतर थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ) पिळा, काही नाही. बावीस किलोची सायकल ढकलत घरी आणली. वॉरंटी संपून पाच आठवडे झाले होते. कंपनीला फोन केला तर फोनवरच निदान झालं: पाणी गेलं, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी) उडाला, 6,800 रुपये, आणि सायकल पुण्याला तुम्हीच पोचवा. न बघता कसं सांगता, असं मी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. तेहतीस हजार मोजून घेतलेल्या वस्तूची ही किंमत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या पेठेतला साधा सायकल दुरुस्तीवाला विजेच्या सायकलला हात लावायला घाबरत होता. त्याच्या मुलाने मात्र धीर केला. ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तोडायचा, एवढंच लिव्हरमधल्या त्या स्विचचं काम. उजवा लिव्हर पावसामातीने जड झाला होता, सोडल्यावर दोन-तीन मिलिमीटर आतच राहायचा. सायकलला वाटे, बाई ब्रेक दाबून बसल्यात. मुलाने त्या लिव्हरच्या वायरची पिन काढली, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं आणि मोटर गरगरली. "बाई, मोटर ठणठणीत आहे तुमची." नवा लिव्हर स्विचसकट अडीचशे रुपयांना आला, मजुरी पन्नास.

म्हणून हात जोडून सांगते. मोटर अचानक गप्प झाली आणि डिस्प्ले चालू असेल, तर कंट्रोलरचे पैसे मोजण्याआधी दोन्ही लिव्हर बोटाने पूर्ण बाहेर ढकलून बघा. मग एकेक पिन काढून बघा. पण पिन काढलेली सायकल रस्त्यावर नेऊ नका, ब्रेक दाबताना मोटर पुढे ओढत राहील.

इथपर्यंत परवा लिहिलं होतं आणि शेवटी "कोणी घेऊ नका" असंही लिहिलं होतं. ते वाक्य काल खोडलं. नवा लिव्हर बसल्यावर काल पहिल्यांदा माहुलीला गेले. राजवाड्याचा चढ तिसऱ्या असिस्टवर (मोटरच्या मदतीच्या तिसऱ्या पायरीवर) बसल्या जागी चढले, तेव्हा कळलं की या एकोणीस दिवसांत मला सगळ्यात जास्त आठवण त्या चढाचीच येत होती. डावा गुडघा जिना चढताना अजून बोलतो, सायकलवर बोलत नाही.

थ्रॉटलबद्दलही माझं मत बदललंय. आधी वाटायचं, हा आळशांचा चाळा. पण या सायकलला पायाचा जोर कळत नाही, फक्त पायडल फिरतंय एवढं कळतं. त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघताना पायडलचा पहिला अर्धा फेरा सगळा आपल्या पायावर येतो. तिथे थ्रॉटल क्षणभर पिळला की तोल जात नाही. माझ्या वयाच्या बायकांनी हे आधी मैदानावर शिकून घ्यावं. आणि दांडी नसलेली फ्रेमच घ्यावी, पाय मागून टाकायची वेळ येऊ देऊ नये.

हिशोब वहीत आहे. एका चार्जिंगवर सपाटीला पन्नास किलोमीटर म्हणतात, साताऱ्यात मला सत्तावीस मिळतात. दर दोन फेऱ्यांना चार्जिंग, एका वेळी साधारण तृतीयांश युनिट. चौदा महिन्यांत विजेचे चारशेच्या आसपास गेले. एवढ्याच अंतराला स्कूटरने सात हजारांचं पेट्रोल खाल्लं असतं. लायसन्स नाही, पासिंग नाही, कारण मोटर अडीचशे वॉटची आहे आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे ढकलत नाही. पंक्चर दोन. मागच्या चाकात मोटर असल्याने चाक खोलायचा आग्रह धरू नका, ट्यूब बाजूने ओढूनच पॅच मारून घ्या.

आता पाऊस आला की दोन्ही लिव्हरवर दुधाच्या पिशव्या बांधते आणि घरी आल्यावर फडक्याने कोरडे करते. डाव्या बाजूचाही एक लिव्हर आणून ठेवलाय. पाऊस ओसरला की यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणापर्यंत जाऊन बघणार आहे. मोटर किती तापते ते इथेच खाली लिहीन.