डबल चार्जच्या भावात सिरॅमिक

खेड्यात घर बांधताना फरशीचा विषय सर्वात शेवटी निघतो आणि तोपर्यंत जवळचा पैसा भिंती, स्लॅब आणि प्लास्टरमध्ये गेलेला असतो. वास्तुपूजनाची तारीख धरलेली असते, कापसाचे पैसे संपत आलेले असतात आणि घरातील प्रत्येकाला काम लवकर उरकावे असे वाटत असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आमच्या नव्या घराच्या वेळी तालुक्याच्या एका दुकानदाराने नेमका याच घाईचा फायदा घेतला. आमच्याकडे सध्या मातीची घरे पाडून सिमेंटची घरे बांधणारे बरेच जण आहेत, म्हणून घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

बाबांचे मत पहिल्यापासून कोटा दगडाच्या फरशीच्या बाजूने होते. भाव वाढेपर्यंत आमच्याकडे कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवतात, सोयाबीनची पोती ओढली जातात आणि त्यांच्याबरोबर येणारी माती व खडे चकचकीत टाइलची रया घालवतात, असे त्यांचे म्हणणे होते. शहाबादी स्वस्त पडत होती, परंतु ती आईला बैठकीत नको होती. कोट्याला बसवण्याच्या मजुरीनंतर पॉलिशचा खर्च वेगळा, शिवाय पॉलिशचे यंत्र गावापर्यंत आणायचे. अशा हिशेबात मिस्त्रीने दोन बाय दोनच्या डबल चार्ज व्हिट्रिफाइड, म्हणजे पाणी जवळपास न शोषणाऱ्या घट्ट टाइलचे नाव सुचवले आणि ती कोणत्या दुकानात स्वस्त मिळते हेही तोच बोलला. मिस्त्रीला दुकानाकडून पेटीमागे कमिशन मिळते ही गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक असते. त्यात लपवाछपवी नसेल तर माझी हरकतही नाही. मात्र अशा वेळी मिस्त्रीचा सल्ला हा दुकानदाराचाच सल्ला समजावा.

दुकानात दाखवलेला नमुना खरा होता. डबल चार्ज टाइलमध्ये वरचा रंगीत थर साधारण तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वापराने पृष्ठभाग झिजला तरी रंग टिकतो. कापलेल्या तुकड्याच्या कडेला हा थर डोळ्यांनी दिसतो आणि दुकानदाराने तो आम्हाला बोट ठेवून दाखवला. भाव ठरला चौरस फुटाला ४८ रुपये. बिलाचा विषय काढताच तो बाबांना म्हणाला, “काकाजी, पक्कं बिल घ्याल तर अठरा टक्के जास्तीचे लागतील. तुम्हाला कुठं रिटर्न भरायचा आहे?” साडेसात हजारांच्या वर रक्कम वाचत होती, त्यामुळे व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर झाला. त्या चिठ्ठीवर “२ बाय २, आयव्हरी, ५६ पेटी” एवढेच होते. टाइलचा प्रकार, दर्जा किंवा कंपनी यांपैकी काहीही नव्हते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी याच कोऱ्या जागेत घडल्या.

पहिली लबाडी मापाची. ज्याला बाजारात दोन बाय दोन म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० बाय ६०० मिलिमीटर असते, म्हणजे दोन फुटांहून थोडी कमी. चार टाइलच्या पेटीत १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल भरतो आणि पेटीवर तसे छापलेलेही असते. आमच्याकडून मात्र पेटीमागे सोळा फुटांचे पैसे घेतले गेले. छप्पन पेट्यांवर अठ्ठावीस चौरस फुटांचा, म्हणजे १,३४४ रुपयांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु तेवढ्यात न्हाणीघराची फरशी झाली असती.

दुसरी लबाडी मालाचीच. माल संध्याकाळी उतरला, मिस्त्रीच्या माणसांनी पेट्या फोडून टाइल छपरीत रचून ठेवल्या आणि रिकामे पुठ्ठे चुलीत गेले. बैठक आणि माजघराचे काम पूर्ण झाल्यावर नागपूरला टाइलचेच काम करणारा माझा चुलतभाऊ घर पाहायला आला. त्याने स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या कापाकापीतून पडलेला तुकडा उचलला, कड उजेडात धरली आणि म्हणाला, “दादा, हे डबल चार्ज नाही. व्हिट्रिफाइडसुद्धा नाही.” रंग फक्त वरच्या पातळ झिलईत होता आणि खालचे अंग निराळे, मळकट दिसत होते. त्याने एक कोरी टाइल उलटी ठेवून तिच्या पाठीवर पाणी शिंपडले. थोड्याच वेळात पाणी आत मुरले आणि तेथे गडद डाग उमटला. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, त्यामुळे तिच्या पाठीवर पाणी तसेच थांबते. आमच्या घरात साधी सिरॅमिक बसवली गेली होती. तिरप्या उजेडात पाहिले तर बैठकीत दोन छटाही दिसत होत्या, कारण माल एका घाण्याचा नव्हता.

वहिनीने दोन पुठ्ठे गव्हाच्या कट्ट्यांखाली अंथरले होते म्हणून पुरावा तरी उरला. त्यांवर “प्रीमियम” असे पांढरे लेबल चिकटवलेले होते. ते ओल्या फडक्याने पुसत काढल्यावर खाली “कमर्शियल”, म्हणजे खालच्या दर्जाचा माल, हा छापील शब्द निघाला आणि बाजूला बारीक अक्षरांत ग्लेझ्ड सिरॅमिक असे लिहिलेले होते. दोन्ही पुठ्ठ्यांवरचे छटा क्रमांक वेगवेगळे होते.

दुकानदाराने आधी मिस्त्रीवर ढकलले, मग वरून मालच असा आल्याचे सांगितले आणि शेवटी, बसवलेल्या टाइलची तक्रार चालत नाही हा नियम पुढे केला. कंपन्या तशी सूचना पेटीवर छापतात हे खरे आहे, परंतु ती दोष पाहून घेण्यासाठी असते. एक माल दाखवून दुसरा देण्याला त्यातून मोकळीक मिळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. आमच्याकडे चिठ्ठी, दोन पुठ्ठे आणि यूपीआयने दिलेल्या रकमेची नोंद होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे दुकानदाराला पुठ्ठ्यांच्या फोटोंसह लेखी कळवल्यावर त्याची भाषा बदलली. न बसवलेल्या बावीस पेट्या त्याने दोन हजार कापून परत घेतल्या. बसवलेल्या चौतीस पेट्यांचे त्याने काहीही दिले नाही, आणि ती फरशी उखडायची तर मजुरी, सिमेंट व रेती पुन्हा आमचीच गेली असती, म्हणून बैठक आणि माजघर तसेच ठेवले आहे. पोती आता तेथे ठेवत नाही.

उरलेल्या खोल्यांत बाबांच्या म्हणण्याप्रमाणे कोटा टाकला. त्यातही मापाची चलाखी असते: लादीच्या कडा वाकड्यातिकड्या असतात आणि विक्रेता लांबात लांब बाजू धरतो. आम्ही कड सरळ कापल्यावर जेवढी लादी उरेल तेवढीच मोजायची असे आधी लिहून घेतले, जाडी दोन्ही टोकांना पाहिली आणि पक्के बिल हातात आल्यावरच गाडी रिकामी होऊ दिली. कोटा हा चुनखडीचा दगड असल्याने संडास धुण्याच्या ॲसिडने त्यावर पांढरे चट्टे पडतात, म्हणून ती बाटली आईने घरातून बाहेर ठेवली आहे.