पांडवलेण्यांचा काळ की १८८५? नाशिकच्या नोकरदार बाईने कुठे जावं

समजा अंबडला कंपनीत फायनान्स बघणारी बाई उद्या एकदम जुन्या नाशिकमध्ये जागी झाली, आणि चॉइस दोनच: पांडवलेण्यांचा, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ, किंवा १८८५.

आधी वाटतं पांडवलेण्यांचा काळ बरा. १० नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे ठेवलेत, २००० वर महिना १ टक्का व्याज, १००० वर पाऊण टक्का, म्हणजे चक्क एफडीच, तिला लगेच कळेल! त्याच लेण्यात विष्णुदत्ता या उपासिकेनेही आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे पैसे ठेवल्याचं कोरलंय, मला हे फार भारी वाटतं. पण तिची ओळख काय तर अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, तमक्याची आई. दान करायला घरात पैसा हवा, स्वतःच्या नावावर काम मिळेल असं त्यात कुठेच दिसत नाही.

१८८५ जास्त जाचक, हे मान्य. बालविवाह, विधवांचे हाल, आणि १८८७ ला तर कोर्टाने लहानपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तरी मी १८८५ च म्हणेन, कारण त्याच वर्षी रखमाबाई टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध लिहीत होत्या, पुढच्या वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, नंतर रखमाबाईही डॉक्टर झाल्या. शिकलेल्या बाईला तिथे सोबत आहे, भांडायला पेपर आहे, आणि नाशिकहून मुंबईला जायला रेल्वेही आहे.